तिच्या पायाची उंची

माझ्या नवऱ्याला एका बाईच्या पायाची उंची तोंडपाठ होती, आणि ती बाई मी नव्हते. हे मला कळलं ते भर सकाळी, मोहल्ल्याच्या मैदानावर, चारचौघांच्या देखत. निमित्त होतं डायनासोरचं. लोकांच्या संसारात सवत येते, दारू येते, नणंद येऊन बसते. माझ्या संसारात कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेलं जनावर आलं आणि त्याच्या मागोमाग ती आली.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. नागपुरात आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. नवरा, मी आणि सासूबाई. नवरा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा, मी मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायचे. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करायचे. इथं अरे-तुरे करते आहे, आता या वयात मला कोण विचारतं! लग्न ठरवताना मला सांगितलं होतं की मुलगा प्रोफेसर आहे, निर्व्यसनी आहे. दगडांचं व्यसन कुणी व्यसनात धरत नाही. सुट्टी लागली की तो विद्यार्थी घेऊन वरोऱ्याकडच्या रानात जायचा आणि पोतंभर हाडं घेऊन यायचा. हाडं कसली, दगडच. पलंगाखाली हाडं, कपाटावर हाडं. एकदा गव्हाच्या डब्यात दात सापडला. भला मोठा, सुरीसारखा, कडेनं बारीक करवत असलेला. "सांभाळ वं, मांस खाणाऱ्याचा आहे," तो ओरडला. काळजी दाताची; माझं बोट कापलं असतं त्याचं काही नाही.

ती त्याची विद्यार्थिनी. जबलपूरची, आमच्याकडे संशोधनाला आलेली. उंच, बेलबॉटम घालायची, वेणी कमरेपर्यंत, आणि मराठी अर्धी हिंदीत. ती पहिल्यांदा घरी आली तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. त्याआधी काही दिवस नवऱ्याने रानातून आणलेला एक गुळगुळीत, लांबट गोळा ओट्यावर ठेवला होता. सासूबाईंना वाटलं, पोरानं महादेवाची पिंड आणली. त्यांनी ती धुऊन देवघरात ठेवली, गंध लावलं, रोज बेल वाहायला लागल्या. नवऱ्याचं लक्ष कुठे होतं? घरात काय चाललंय हे त्याला एरवीही कळत नसे. ही आली, देवघरासमोर वाकली आणि किंचाळली, "आजी, ये तो लीद है! डायनासोरची लीद!"

सासूबाईंचा हात कपाळावर गेला. "अवं माय वं! मी त्याले दुधानं आंघोळ घालून राहिली!"

आणि नवरा हसला. भिंतीला टेकून, डोळे पुसत, श्वास लागेपर्यंत हसला. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कुठल्या बोलण्यावर हा माणूस असा हसला नव्हता. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

तिचा राग येण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ती चांगली होती. वहिनी-वहिनी करत मागेपुढे फिरायची. ताट उचलायची, सासूबाईंना चष्मा शोधून द्यायची, माझ्या मोगऱ्याचं कौतुक करायची. अशा बाईच्या नावानं बोटं तरी कशी मोडायची? चारित्र्यात खोट काढावी म्हटलं तर सापडत नव्हती. मी शोधण्यात काही कसर ठेवली नव्हती.

एका रविवारी तिला आणि दोन पोरांना, म्हणजे त्याच्या दुसऱ्या दोन विद्यार्थ्यांना, नवऱ्याने जेवायला बोलावलं. मी पाटवडीचा रस्सा केला. भिवापूरच्या मावशीने पाठवलेलं तिखट होतं, जिभेला लागलं की कानातून धूर निघावा असं. तिच्या वाटीत मी वरून अजून एक चमचा ढवळला. का? वाटलं म्हणून. तिने पहिला घास घेतला, कपाळावर घाम आला, नाक लाल झालं. मी पाण्याचा तांब्या मुद्दामच लांब ठेवला होता. तिने वाटी पुढे केली. "वहिनी, अजून मिळंल का? काय जबरदस्त झालंय!"

नवरा माझ्याकडे पाहून म्हणाला, "बघ, खाणारा असा पाहिजे. तू तर आळणीच करून राहिली होती महिनाभर." महिनाभर मी आळणी करत होते ते त्याला पित्त झालं होतं म्हणून! पण हे बोलून काय उपयोग. मी आणखी रस्सा वाढला.

मग तिचं म्हणणं आमच्या घरात राहायला आलं. भाजीत मीठ कमी, तर ती म्हणते मीठ कमीच खावं. पाऊस येणार, ती म्हणाली होती. ती म्हणते, ती म्हणाली, तिला वाटतं. मी पोरींना सकाळी ‘एक साथ सावधान’ म्हणायचे तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात तेच चालायचं. एकदा एका पोरीला या जबलपूरवालीच्या नावाने हाक मारली. पोरगी बिचारी इकडे तिकडे बघत राहिली.

भाद्रपद संपता संपता नवरा जेवताना म्हणाला, "जबलपूरला मोठं खोदकाम सुरू होऊन राहिलं. दोन वर्षांचं काम आहे. मले बोलावलं आहे. दसरा झाला की कळवायचं आहे."

"आणि कोण कोण?"

"ती तर आहेच. तिचं गावच आहे नं ते."

"आणि मी?"

तो घास चावत राहिला. मग म्हणाला, "आई इथं एकटी कशी राहील? तुझी नोकरीही इथं आहे. मी येत जाईन नं मधून मधून."

सासूबाई पानात बघत होत्या. पोळी तव्यावर करपली तरी मी उठले नाही. दोन वर्षं! रानात तंबू, शेजारी जबलपूरची वेणी, आणि माझा नवरा हसून हसून डोळे पुसणार. मी इथं पी.टी. शिकवणार आणि सासूबाईंच्या पायाला तेल लावणार. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण रडले नाही. रडले असते तर तो म्हणाला असता, अगं ती मुलीसारखी आहे. ती त्याच्याहून काही फार लहान नव्हती.

त्या वर्षी मोहल्ल्याच्या शारदोत्सवात नवऱ्याचं व्याख्यान ठेवलं होतं. विषय, ‘डायनासोर मागे लागला तर माणूस वाचेल का?’ नाव अर्थात तिनेच सुचवलेलं. माणूस आणि डायनासोर कधी एका काळात नव्हतेच, हे नवरा सुरुवातीलाच सांगणार होता. पण समजा असते तर, असा सगळा मामला. त्याचं उत्तर ठरलेलं होतं. वाचेल. जनावर अवाढव्य, वजन भयंकर, त्याला फार पळता येत नसणार; चांगला पळणारा माणूस निसटून जाईल. विलायतेत कुणीतरी एक रीत काढली होती. मऊ मातीत उमटलेल्या पावलांवरून वेग काढायचा. एका पायाचं पाऊल जिथं पडलं तिथून त्याच पायाचं पुढचं पाऊल जिथं पडलं तिथपर्यंत अंतर मोजायचं, आणि जमिनीपासून कमरेच्या सांध्यापर्यंत पायाची उंची माहीत पाहिजे. ह्या दोन मापांवरून पळणाऱ्याचा वेग निघतो. परदेशात डायनासोरची पावलं सापडली होती, त्यांचा वेग काढलेला होता. आता माणसाचा काढून फळ्यावर शेजारी मांडायचा होता.

"सर, वहिनी धावायच्या ना कॉलेजात?" ती म्हणाली. "त्यांनाच धावायला लावू."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. कपाटावर पडलेली वस्तू अचानक कामाची निघावी तसं पाहिलं. हो, मी धावायचे. शंभर मीटरला कॉलेजात माझ्या पुढे कुणी नव्हतं. लग्नानंतर माझे ते खिळ्यांचे बूट सासूबाईंनी बोहारणीला दिले, तेव्हा नवरा रानात होता. म्हणजे बोलता बोलता कधीतरी सांगितलेलं माझं धावणं तिला आठवलं. त्याला नाही.

तर व्याख्यानाआधीचा तो रविवार. मैदानाच्या एका बाजूला पोरांनी माती भुसभुशीत करून पाणी मारलं होतं, वरून सारखी केली होती. शेजारपाजारचे सगळे गोळा झाले. पायाची उंची मोजायची वेळ आली. नवरा टेप घेऊन पुढे आला तशा बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. शेवटी आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या काकूंनी त्याच्या हातातून टेप ओढून घेतला, दोघींना चादर धरायला लावली आणि चादरीआड माझ्या पायाचं माप घेऊन मोठ्याने सांगितलं. मग त्या तिच्याकडे वळल्या. "ये बाई, तुझं घेते."

"तिची राहू द्या काकू," नवरा म्हणाला. "तिची मले माहीत आहे."

आणि त्याने आकडा सांगितला. अर्ध्या इंचासकट. पाढा म्हणावा तसा.

काकूंनी टेप गळ्यात टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. काकू फार चांगल्या बाई, पण मला त्या क्षणी त्यांचे डोळे फोडावेसे वाटले. चादर धरलेल्या बायका चादर सोडायचं विसरल्या. नवरा मात्र खाली वाकून माती तपासत होता, ओली आहे की नाही.

मी एकटी धावले. कशी धावणार? पाय कुणाचे आणि डोकं कुठे. ओल्या मातीत पावलं उमटली, पोरांनी मापं घेतली, नवऱ्याने हिशेब केला आणि हसत म्हणाला, "ह्या वेगानं तर ही बाई गेली त्याच्या पोटात!" सगळे हसले. मग ती धावली. हरणी पळाली म्हणतात तशी. "ही वाचली!" नवरा ओरडला.

ही वाचली. मी पोटात गेले. वा!

आता एक सांगते, ते माझ्या कोचलाही कधी पटलं नव्हतं. मला पुढे पळता येत नाही. मी वाढले कुहीकडच्या खेड्यात. धानाच्या बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यांवरून, म्हणजे शेताच्या बांधांवरून, शाळेत जायचं, आणि माझा थोरला भाऊ रोज माझी शिदोरी हिसकून पुढे पळायचा. शिदोरी पाहिजे तर त्याला धरायचं, नाही तर उपाशी. धुऱ्यावरून पाय घसरला की चिखलात. मी पळायला शिकले ती अशी, कुणाच्या तरी मागे. शर्यतीतही माझी सुरुवात नेहमी सगळ्यांच्या मागे असायची. पुढचीची पाठ दिसली की मग माझ्या पायांत काय शिरायचं देव जाणे.

मी पदर कमरेला खोचला, निऱ्या वर ओढून काष्टा मारला. म्हटलं, "आता दोघी एकदम. ही पुढे, मी मागे. हिला आधी जाऊ द्या."

"काहून?" नवरा म्हणाला.

"डायनासोर कुणीतरी पाहिजे नं."

ती हसत सुटली. बरीच पुढे गेली. मला तिची वेणी दिसत होती, डावीकडे उजवीकडे हलणारी. त्या वेणीत माझी शिदोरी होती, माझे खिळ्यांचे बूट होते, तो अर्धा इंच होता. मी सुटले. बायका ओरडत होत्या ते लांबून ऐकू येत होतं. मैदान संपायच्या आत मी तिला गाठलं आणि खांदा धरला. जोरात धरला. दोघी चिखलात पडलो. ती धापा टाकत, हसत म्हणाली, "वहिनी, मार डाला!" मी हसले नाही. तिच्या गालाला माती लागली होती आणि त्याही अवस्थेत ती छान दिसत होती, मेली.

पोरांनी माझी पावलं मोजली. पुन्हा मोजली. नवऱ्याने हिशेब केला, खोडला, पुन्हा केला. त्या लांब लांब पडलेल्या पावलांपाशी तो उकिडवा बसून राहिला, आणि मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात कपाटावरची वस्तू नव्हती.

दुपारी वाढताना मी विचारलंच. "तिच्या पायाची उंची कशी काय पाठ हो?"

"अगं, रानात मोजली होती सगळ्यांची. ही रीत करून पाहिली आम्ही तिथं. त्या दोघा पोरांचीही मोजली."

"बरं. मग त्या दोघांची सांगा."

त्याने भाताचा घास उचलला. तोंडापाशी नेला. थांबला. आठवायला लागला. मी वरणाची पळी हातात धरून उभी होते. सासूबाईंनी चावणं थांबवलं. भाताचा घास हळूहळू खाली आला.

"त्यांची… लिहून ठेवली असंल कुठंतरी," तो म्हणाला.

मी वरण वाढलं. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. सासूबाई जेवून उठल्या आणि पहिल्यांदाच, माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच, माझी बाजू घेऊन लेकाला म्हणाल्या, "लई शिकला गा तू बाबू. आता थोडं घरातलंही मोज."

व्याख्यानाला मांडव भरला होता. मी पहिल्या रांगेत बसले, नवी साडी नेसून, मुद्दाम. ती बाजूला चित्रं दाखवायला उभी. नवऱ्याने दात दाखवला, पोरं ओरडली. पावलांची रीत समजावली. आणि मग म्हणाला, "मी आज सांगणार होतो की माणूस वाचेल. पण मी सांगत नाही. आपल्याले जी पावलं सापडली ती जनावर चालत होतं तेव्हाची आहेत. उगाच, पोट भरलेलं, रमतगमत. ते एखाद्याच्या खरोखर मागं लागलं तर कसं धावायचं, हे त्या पावलांत लिहिलेलं नाही. माझ्या घरच्यांनी ते मले दाखवलं."

लोकांना वाटलं विनोद आहे. टाळ्या वाजल्या. मागून कुणीतरी ओरडून विचारलं, "मग सर, माणसानं करायचं काय?"

नवऱ्याने हातातला दात टेबलावर ठेवला. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. "माणसानं पळूच नये," तो म्हणाला. "जिथं आहे तिथं राहावं."

दसऱ्याला सोनं देऊन आला आणि त्याने जबलपूरला नकार कळवला. मला घाबरून राहिला, की मला पाहून राहिला, हे मी कधी विचारलं नाही. मला तो पाहिजे होता, मिळाला. ती एकटीच गेली. जाताना पाया पडली, सासूबाईंना मिठी मारून रडली. मी तिला डबा दिला. तिखट नेहमीचंच घातलं.

चारेक वर्षांनी सकाळी पेपरात तिचा फोटो आला. जबलपूरच्या खोदकामात मांडीचं प्रचंड हाड सापडलं होतं. हाड उभं केलेलं, शेजारी ती, कमरेवर हात, वेणी तशीच. नवरा चहा पिता पिता थबकला. त्याने तो फोटो डोळ्यांजवळ नेला. किती तरी वेळ बघत राहिला. हेच ते हाड, जे ह्याच्या हाती लागलं असतं. मी समोर बसून पालक निवडत होते, आणि तो हाड पाहतोय की तिला, हे मला काही केल्या कळेना. पालकाची देठं टाकायची सोडून पानं टाकायला लागले.

"माप दिलं नाही मूर्खांनी," तो पुटपुटला. "पण काढता येते. हे तिच्या कमरेच्या बरंच वर येऊन राहिलं. पायाची उंची माहीत असली तर हाडाची लांबी…" त्याने पेन्सिल काढली. पेपराच्या कडेला धरली. आणि थांबला. कपाळ चोळलं. छताकडे पाहिलं.

"किती होती गं तिच्या पायाची उंची? आठवूनच नाही राहिली."

खरंच आठवत नव्हती. मी त्याचा चेहरा नीट बघितला, उलटसुलट करून बघितला. तो विसरला होता. केव्हाच विसरला असणार.

मी सांगितली. अर्ध्या इंचासकट.

त्याची पेन्सिल तशीच राहिली. "तुले अजून याद आहे?"

मी पालकाची जुडी सोडली. "मोजा आता," म्हटलं.